महाविद्यालयाच्या आवारातील वायरलेस कंट्रोलरची दुहेरी जोडणी : निर्णा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : महाविद्यालयातील वायरलेस जाळे एका कंट्रोलरवर अवलंबून असेल, तर तो बंद पडताच संपूर्ण आवार बंद पडण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून दुसरा कंट्रोलर घेण्याचा सल्ला दिला जातो. प्रस्तुत लेखात कंट्रोलर मुख्य जाळ्याला जोडण्याच्या पद्धती, त्यांतील नेहमीच्या चुका आणि चाचणीची रीत यांचा विचार केला आहे. दोन यंत्रे घेतल्याने राखीव व्यवस्था होत नाही. ती दोन यंत्रे एकाच कारणाने बंद पडणार नाहीत अशी जोडणी केल्याने ती होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर निर्णा हे गाव आहे. चिटगुप्पा, हुमनाबाद आणि चिंचोळी यांच्या मधल्या या पट्ट्यातील विद्यार्थी घरी दखनी किंवा मराठी बोलतो, कचेरीत कन्नड वाचतो आणि पदवीचा अर्ज इंग्रजीत भरतो. २०२१ पासून कर्नाटकातील पदवी महाविद्यालयांचे प्रवेश व परीक्षा अर्ज ‘यूयूसीएमएस’ या राज्यव्यापी संगणकीय प्रणालीतून होऊ लागले. शिष्यवृत्तीचे अर्जही ऑनलाइनच भरावे लागतात. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाचे आवार हीच अर्ज भरण्याची जागा असते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी जाळे बंद पडले, तर ‘उद्या या’ हे उत्तर गावाकडची शेवटची बस गाठायची असलेल्या विद्यार्थिनीच्या उपयोगाचे नसते. म्हणून जाळ्याची अखंडता हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून शैक्षणिक संधीचाही प्रश्न आहे.

अशा परिस्थितीत संस्थेच्या बैठकीत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ‘दोन कंट्रोलर घेतले की काम झाले ना?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी पुष्कळदा संगणकशास्त्राच्या शिक्षकावर येते. पुढील विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

२. कंट्रोलरचे कार्य

वायरलेस स्थानिक जाळ्याचे ‘८०२.११’ हे प्रमाण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्यानंतर महाविद्यालयांत वायरलेस जाळी वेगाने पसरली. सुरुवातीला प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतंत्र असे. चार-पाच पॉइंट असतील तोवर हे चालते. पंचवीस-तीस झाले, की प्रत्येकाचा संकेतशब्द, वाहिनी व क्षमता हाताने बदलणे कठीण होते. यातून कंट्रोलरची कल्पना आली. अ‍ॅक्सेस पॉइंटने केवळ रेडिओचे काम करावे आणि निर्णय एका मध्यवर्ती यंत्राने घ्यावेत, अशी ही विभागणी आहे.

पॉइंट व कंट्रोलर यांच्यातील संभाषणाचे ‘कॅपवॅप’ हे प्रमाण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन मार्ग असतात. यूडीपी पोर्ट ५२४६ वरून नियंत्रणाचे संदेश जातात आणि ५२४७ वरून वापरकर्त्यांची माहिती जाते. पॉइंट ठरावीक काळाने कंट्रोलरला हाक देतो. प्रमाणानुसार मूळ मांडणीत हा काळ ३० सेकंदांचा आहे. उत्तर आले नाही तर तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि शेवटी कंट्रोलर गेला असे समजून दुसरा शोधू लागतो.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. काही मांडणींत विद्यार्थ्याची सर्व माहिती आधी कंट्रोलरकडे जाते व तेथून पुढे इंटरनेटकडे वळते. हे मध्यवर्ती वहन होय. दुसऱ्या मांडणीत माहिती त्या-त्या इमारतीतील स्विचवरच बाहेर पडते आणि कंट्रोलरकडे फक्त नियंत्रण राहते. हे स्थानिक वहन होय. मध्यवर्ती वहनात कंट्रोलर गेला की सर्व व्यवहार थांबतो. स्थानिक वहनात, यंत्रात तशी सोय असल्यास, आधी जोडलेले वापरकर्ते काम करीत राहतात. म्हणून दुसरा कंट्रोलर घ्यावा की नाही, हे ठरवण्यापूर्वी आपल्याकडे कोणत्या प्रकारचे वहन आहे, हे पाहिले पाहिजे.

३. साखळीचे गणित

विद्यार्थ्याच्या हातातील फोनपासून मुख्य जाळ्यापर्यंत एक साखळी असते. तिच्या पाच कड्या धरू : वीजपुरवठा, इमारतीतील स्विच, दोन इमारतींमधील केबल, कंट्रोलर आणि वापरकर्त्याची ओळख पटवणारा सर्व्हर. समजा, प्रत्येक कडी वर्षातील ९९ टक्के वेळ चालू असते. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर एक कडी सुमारे ८८ तास बंद राहील. परंतु काम होण्यासाठी पाचही कड्या एकाच वेळी चालू असाव्या लागतात. ०.९९ चा पाच वेळा गुणाकार केला असता ०.९५१ येतो, म्हणजे एकंदर सुमारे ४२९ तास जाळे बंद.

आता कंट्रोलर दोन केले. दोन्ही एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक. ती कडी वर्षाला फक्त ५३ मिनिटे बंद राहील. हा आकडा आकर्षक आहे आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हाच पुढे केला जातो. मात्र बाकीच्या चार कड्या तशाच असल्याने संपूर्ण साखळी अजूनही सुमारे ३४६ तास बंद राहते. मोठा खर्च करून ४२९ तासांतले केवळ ८३ तास वाचले.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, राखीव व्यवस्था संपूर्ण साखळीची करावी लागते. दोन, ५३ मिनिटांचा हिशेब ‘पूर्णपणे स्वतंत्र’ या दोन शब्दांवर उभा आहे. दोन्ही कंट्रोलर एकाच यूपीएसवर असतील, तर यूपीएस गेल्यावर दोन्ही जातात आणि गुणाकार निरर्थक ठरतो.

४. कंट्रोलर मुख्य स्विचला जोडण्याच्या पद्धती

(अ) एक केबल, एक स्विच : ही सर्वांत साधी पद्धत आहे. केबल, पोर्ट किंवा स्विच यांपैकी काहीही बिघडले तरी कंट्रोलर जाळ्यापासून तुटतो.

(आ) दोन केबल, एक स्विच : दोन केबलची एक जुडी बांधली जाते. याचे प्रमाण २००० मध्ये ‘८०२.३एडी’ या नावाने आले आणि २००८ मध्ये ते ‘८०२.१एएक्स’ या स्वतंत्र प्रमाणात गेले. जुडीतील एक केबल तुटली तरी दुसरी काम करते. दोन्ही चांगल्या असताना भार वाटला जातो. मात्र स्विच एकच असल्यामुळे स्विचच्या बिघाडापासून संरक्षण मिळत नाही. जुडी बांधताना दोन्ही टोकांची पद्धत एकच असावी लागते. एका टोकाला वाटाघाटीची ‘एलएसीपी’ पद्धत आणि दुसऱ्या टोकाला कायम चालू ठेवण्याची पद्धत असेल, तर जुडी उभी राहत नाही किंवा अर्धवट चालते. कंट्रोलरला ‘एलएसीपी’ समजते की नाही, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.

(इ) दोन केबल, दोन स्विच : येथे सर्वाधिक चुका होतात. दोन स्विच आहेत, कंट्रोलरला दोन पोर्ट आहेत, तेव्हा एकेक केबल दोन्हींकडे न्यावी व जुडी बांधावी, असे सहज वाटते. परंतु दोन स्वतंत्र स्विचवर एक जुडी विभागता येत नाही. कंट्रोलरचा एकच हार्डवेअर पत्ता कधी या स्विचवर तर कधी त्या स्विचवर दिसू लागतो. स्विच आपली नोंदवही सारखी बदलत राहतात आणि माहितीची पाकिटे हरवतात. जाळे पूर्ण बंद पडत नाही. ते मधूनमधून चालते. असा बिघाड शोधण्यास सर्वांत कठीण असतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे दोन स्विच विशेष जोडणीने असे बांधणे, की बाहेरून ते एकच भासतील. मग जुडी विभागता येते. याची किंमत अशी, की काही मांडणींत दोन्ही स्विचचा मेंदू एकच होतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आला किंवा ते अद्ययावत करताना चूक झाली, तर दोन्ही एकदम थांबू शकतात. दुसरा मार्ग म्हणजे स्विच स्वतंत्रच ठेवावेत व प्रत्येक स्विचला त्याचा एक कंट्रोलर जोडावा. एका बाजूचा स्विच गेला तर त्या बाजूचा कंट्रोलरही जातो, पण दुसरी बाजू पूर्णपणे अबाधित राहते. जेथे जाळे सांभाळणारी व्यक्ती एकच आहे आणि तीही तासिका घेते, तेथे हा दुसरा मार्ग अधिक सुरक्षित होय.

कोणत्याही पद्धतीत दोन्ही स्विचवर तीच व्हीलॅन खुली असावीत. विद्यार्थ्यांचे व्हीलॅन पहिल्या स्विचवर आहे पण दुसऱ्यावर घालायचे राहिले, असे झाल्यास राखीव बाजू दिसायला चालू असते आणि गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

५. दोन कंट्रोलरमधील नाते

पहिल्या प्रकारात एक कंट्रोलर काम करतो आणि दुसरा त्याची प्रत्येक नोंद स्वतःकडे उतरवून घेत तयार राहतो. पहिला गेला की दुसरा लगेच जागा घेतो. पॉइंटना नव्याने नोंदणी करावी लागत नाही आणि पूर्ण समक्रमण असल्यास विद्यार्थ्याला संकेतशब्दही पुन्हा द्यावा लागत नाही. यासाठी दोन्ही यंत्रे सुसंगत प्रकारची व एकाच सॉफ्टवेअर आवृत्तीची असावी लागतात, तसेच त्यांच्यात समक्रमणाची जोडणी लागते. ही जोडणी तुटली आणि दोन्ही यंत्रे जिवंत असली, तर दोघेही स्वतःलाच कारभारी समजू लागतात. एका घरात दोन कारभारी झाले की जे होते, तेच जाळ्यातही होते. म्हणून एकमेकांची खबर घेण्यासाठी दुसरा, वेगळा मार्गही ठेवावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही कंट्रोलर स्वतंत्र असतात. प्रत्येक पॉइंटला ‘तुझा पहिला हा, दुसरा तो’ असे सांगून ठेवलेले असते. पहिल्याकडून उत्तर येईनासे झाले की पॉइंट दुसऱ्याकडे नोंदणी करतो. मूळ मांडणीत यास एक-दोन मिनिटे किंवा थोडे अधिकही लागू शकते आणि तेवढा वेळ विद्यार्थ्यांची जोडणी तुटते. याचा लाभ असा, की दुसरा कंट्रोलर लांबच्या इमारतीत ठेवणे सोपे जाते. अर्ज भरण्यासाठी दोन मिनिटांचा खंड सोसता येतो. दूरध्वनी संभाषण किंवा ऑनलाइन परीक्षा वायरलेसवरून होत असेल, तर तो कमी करण्याचा विचार करावा.

सरावाने एक चूक आढळते. दोन्ही कंट्रोलरवर अर्धे-अर्धे पॉइंट ठेवले जातात, पण एकट्या कंट्रोलरची मर्यादा किंवा परवाना सर्व पॉइंटना पुरेसा नसतो. अशा वेळी एक गेला की अर्धे आवार अंधारात राहते. प्रत्येक कंट्रोलर एकटा संपूर्ण आवार पेलू शकेल, असाच हिशेब करावा.

६. प्रवेशद्वार आणि फेरा

कंट्रोलरच्या पुढे जाळ्याचे प्रवेशद्वार असते. तेही दुहेरी करण्यासाठी ‘व्हीआरआरपी’ हे प्रमाण १९९८ पासून उपलब्ध आहे; त्याची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली. यात दोन राउटर मिळून एक सामाईक आयपी पत्ता सांभाळतात. मुख्य राउटर मूळ मांडणीत दर सेकंदाला आपण हजर असल्याचे सांगतो. तीन सेकंदांहून थोडा अधिक काळ ते ऐकू आले नाही, तर दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो.

दुहेरी केबलमुळे एक नवा धोकाही निर्माण होतो. दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या की संदेश गोल फिरू शकतो. सर्वांसाठी असलेला एक संदेश फिरता फिरता असंख्य होतो आणि काही क्षणांत जाळे गुदमरते. हा फेरा मोडणारी ‘स्पॅनिंग ट्री’ ही रीत राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडली. तिची वेगवान आवृत्ती २००१ मध्ये प्रमाणित झाली. ही रीत स्विचवर बंद ठेवून राखीव केबल टाकणे म्हणजे बिघाडापासून वाचण्यासाठी बिघाड ओढवून घेणे होय.

७. समान कारणाचा धोका

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ या दोन समुद्राखालील केबल तुटल्या. त्या वेगवेगळ्या मालकांच्या होत्या, आणि एक तुटली तर दुसरी आहे, असा भरवसा होता. परंतु दोन्ही त्याच समुद्रपट्ट्यातून जात होत्या. भारताची पश्चिमेकडे जाणारी इंटरनेट क्षमता मोठ्या प्रमाणात घटली व अनेक दिवस वेग मंदावला. महाविद्यालयातही मुख्य व राखीव ऑप्टिकल केबल एकाच चरातून नेली जाते, कारण चर एकदाच खोदावा लागतो. मग जलवाहिनीसाठी जेसीबी आला की दोन्ही एकदम तुटतात.

अंतराचे महत्त्व बीदरच्या वाचकांना दूरच्या उदाहरणातून समजून घ्यावे लागत नाही. ख्वाजा महमूद गवान यांच्या मदरशाची इमारत १४७२ मध्ये पूर्ण झाली. १६९६ मध्ये, मोगल अमलात, तेथे साठवलेल्या बारुदीचा स्फोट झाला. दर्शनी बाजूचा एक मनोरा आणि त्यालगतचा भाग कोसळला. दुसऱ्या टोकाचा मनोरा आजही उभा आहे. जो स्फोटाच्या जवळ होता तो गेला, जो लांब होता तो राहिला. दोन कंट्रोलर एकाच कपाटात वर-खाली ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या भागात विजेचा धोका विशेष आहे. मान्सूनपूर्व पावसात, एप्रिल-मे महिन्यांत, विजा कोसळतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असेल, तर वीजदाब तिच्यातून दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत पोचतो. काचतंतूची ऑप्टिकल केबल वीज वाहून नेत नाही. म्हणून इमारतींमधील जोडणीसाठी तीच वापरावी, आणि तिला धातूचे कवच असल्यास त्याचे अर्थिंग करावे. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात वाढतो. तो मोजून घेऊन खड्डा ओला ठेवणे हे अल्पखर्चाचे पण नेहमी राहून जाणारे काम आहे.

तिसरे समान कारण म्हणजे एकटा सर्व्हर. दोन कंट्रोलर, दोन स्विच, दोन केबल असे सर्व केले. पण ओळख पटवणारा ‘रेडियस’ सर्व्हर आणि आयपी पत्ते वाटणारा ‘डीएचसीपी’ सर्व्हर कार्यालयातील एकाच संगणकावर असला, तर तो संगणक बंद झाल्यावर नव्याने येणाऱ्या कोणालाही जोडणी मिळत नाही. ‘फ्रीरेडियस’सारखे मुक्त सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरही चालते, त्यामुळे दुसरा सर्व्हर उभा करण्यास पैशांपेक्षा वेळच अधिक लागतो.

८. चाचणीची रीत

न तपासलेली राखीव व्यवस्था ही केवळ समजूत असते. शुक्रवारी जुम्याच्या नमाजासाठी सुट्टी असताना, किंवा सत्र संपल्यावर, पुढील चाचण्या क्रमाने घ्याव्यात.

१) जुडीतील एक केबल काढावी. चालू असलेली फाइल उतरवण्याची क्रिया थांबू नये.

२) मुख्य कंट्रोलरची वीज बंद करावी. पॉइंट दुसऱ्याकडे किती वेळात गेले, ते घड्याळ लावून नोंदवावे.

३) कंट्रोलर पुन्हा सुरू करावा. पॉइंट परत जाताना दुसरा खंड पडतो का, ते पाहावे. पडत असल्यास आपोआप परतणे बंद ठेवून ते काम रात्री करावे.

४) एक मुख्य स्विच बंद करावा. प्रवेशद्वाराचा पत्ता दुसऱ्याकडे गेला का आणि सर्व व्हीलॅन चालतात का, हे प्रत्येक व्हीलॅनमधून तपासावे.

५) पहिला रेडियस सर्व्हर बंद करून पूर्वी कधीही न जोडलेला फोन जोडून पाहावा.

६) मुख्य विद्युतपुरवठा बंद करून यूपीएस प्रत्यक्षात किती मिनिटे चालते, ते मोजावे.

प्रत्येक चाचणीपूर्वी सर्व यंत्रांच्या मांडणीची प्रत जाळ्याबाहेर साठवून ठेवावी. बीसीए व बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना निरीक्षक नेमून त्यांच्याकडून नोंदी लिहून घेतल्या, तर हीच चाचणी उत्तम प्रात्यक्षिक ठरते. पुस्तकातील ‘उपलब्धता’ ही संकल्पना घड्याळाच्या काट्यावर दिसते.

९. खर्चाचा क्रम

मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयासाठी पुढील क्रम सुचवता येईल. प्रथम अर्थिंग, वीजदाब संरक्षण आणि स्विच असलेल्या प्रत्येक ठिकाणी यूपीएस. दुसरे, दुसऱ्या वाटेने नेलेली ऑप्टिकल केबल. तिसरे, एक राखीव स्विच, मांडणीच्या प्रती आणि दुसरा रेडियस व डीएचसीपी सर्व्हर. चौथे, शक्य तेथे स्थानिक वहन. पाचवे, दुसरा कंट्रोलर, तोही दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या यूपीएसवर, दुसऱ्या स्विचला जोडलेला. बाहेरील इंटरनेट जोडणी दुहेरी करताना दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे विचारून घ्यावे.

१०. समारोप

बैठकीतील त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. दोन कंट्रोलर घेतल्याने काम होत नाही. दुसरा कंट्रोलर हा यादीच्या शेवटी येतो. आधी प्रत्येक कडीबाबत एकच प्रश्न विचारावा : ही आणि हिची राखीव जोड एकाच कारणाने एकदम बंद पडू शकेल का? उत्तर ‘होय’ असेल, तर तेथे दोन वस्तू असूनही व्यवस्था एकच आहे. हा प्रश्न विचारण्यासाठी निधी लागत नाही. आवारातून एक फेरी मारावी लागते आणि प्रत्येक केबल कोठून कोठे जाते, याचा नकाशा कागदावर काढावा लागतो. असा नकाशा शिक्षकांनी येत्या सत्राच्या आरंभी तयार करून कार्यालयातील भिंतीवर लावला, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या बसपूर्वी विद्यार्थिनीचा अर्ज पोचण्याची शक्यता निश्चितच वाढेल.